सुई शून्याखाली

मे महिन्याच्या बारा तारखेला सकाळी साडेदहाला संघमित्रा रामटेके नागपूरहून थेट आईच्या दुकानात आली. चंद्रपूरच्या मूल रोडवर तिच्या आईचं, ज्योत्स्नाचं, गाड्यांच्या एसीचं दुकान होतं. संघमित्राने खांद्यावरची पिशवी उतरवली, त्यातून पाण्याच्या बाटलीएवढं पितळी रंगाचं एक नळकांडं काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

"आई, हे बघ. यानं घरच्या घरी गाडीत गॅस भरता येतो."

ज्योत्स्ना एका गाडीच्या बॉनेटमध्ये वाकली होती. तिने मानही वर केली नाही. "कोणाला?"

"कोणालाही."

"कोणालाही म्हणजे?"

"ज्याला पाणी गरम करता येतं, त्या कोणालाही."

आता मात्र ज्योत्स्ना सरळ उभी राहिली. फडक्याला हात पुसत ती काउंटरपाशी आली. पंचावन्न वर्षांची बाई, सत्तावीस वर्षं हेच काम करत आलेली. आयटीआयच्या रेफ्रिजरेशनच्या वर्गात एकेकाळी ती एकटी मुलगी होती. नवरा वनखात्यात, गडचिरोलीकडे, महिन्यातून दोनदा घरी. म्हणजे या दुकानात वाढलेली, नट फिरवायचे पाने आणि पाइप खेळण्यांसारखे हाताळलेली ही मुलगी एवढीच तिच्याजवळची. दीड वर्षापासून ती नागपूरला 'अणुजाल' नावाच्या कंपनीत रसायनशास्त्रज्ञ होती. काय करतेस विचारलं की म्हणायची, एक पावडर बनवतो आम्ही.

"दीड वर्षं हेच करून राहिली होती तू?" ज्योत्स्नाने विचारलं.

"हो."

"आणि सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असती?"

ज्योत्स्नाने नळकांडं उचललं. दिसायला होतं त्यापेक्षा ते जड निघालं.

हे २०४३ सालचं चंद्रपूर. उन्हाळ्यात भरदुपारी पारा सत्तेचाळीसच्या खाली उतरत नसे, आणि दुपारी एक ते चार वीज जाणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं. घरातले कूलर आणि एसी त्या तीन तासांत मुके होत. पण बहुतेक घरांसमोर विजेवर चालणारी गाडी उभी असे आणि तिच्या पोटात मोठी बॅटरी असे. लोकांना ते उमगायला वेळ लागला नाही. दुपारचं जेवण झालं की माणसं गाडीत जाऊन बसत, काचा वर करून एसी लावत आणि तिथेच डुलकी काढत. म्हाताऱ्यांसाठी मागच्या सीटवर गाद्या आल्या. मुलं गाडीत अभ्यास करू लागली. गाडी कुठे न्यायची नसली तरी तिचा एसी चालू असलाच पाहिजे, अशी वेळ आली होती.

अडचण गॅसची होती. एसीच्या नळ्यांतून फिरून गाडीतली उष्णता बाहेर टाकणारा जुना वायू हवेत सुटला की कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता धरून ठेवायचा. तो कायद्याने बंद झाला. त्याच्या जागी प्रोपेन आला. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसचा हा सख्खा भाऊ. कडक उन्हातही उत्तम थंडावा देणारा, हवेला त्रास न देणारा, पण पेट घेणारा. त्यामुळे तो भरायचा परवाना मोजक्याच दुकानांना मिळाला. चंद्रपुरात अशी तीन दुकानं होती आणि मे महिन्यात तिन्हीकडे नऊ-नऊ दिवसांची रांग लागे. गेल्या वर्षी ज्योत्स्नाच्या यादीत नाव लावून थांबलेले चिंतलवार नावाचे एक गृहस्थ नंबर येण्याआधी उष्माघाताने गेले. ज्योत्स्नाने त्यांच्या नावावर रेघ मारली नव्हती. पान उलटलं, एवढंच.

"आत काय आहे?" तिने नळकांडं कानाशी धरून हलवलं.

"स्फटिक. धातूचे अणू आणि कार्बनच्या काड्या जोडून केलेली जाळी. नुसती भोकंच भोकं, आई. चमचाभर भुकटीच्या आतल्या भिंती उलगडून पसरल्या तर कबड्डीची शंभर मैदानं झाकली जातील. त्या भिंतींना प्रोपेनचे रेणू चिकटून बसतात. बाहेर दाब जवळजवळ नाहीच, त्यामुळे टाकी फुटायची भीती नाही. तापवलं की रेणूंना ऊब लागते, ते भिंत सोडतात आणि बाहेर पडतात."

"किती बाहेर पडतात?"

"तीच तर गंमत आहे. या स्फटिकांना दारं आहेत. ती एका ठराविक दाबालाच उघडतात. गाडीतला दाब कमी असला की उघडी, पुरेसा झाला की बंद. जास्त गॅस भरलाच जाणार नाही."

तिने लगेच करून दाखवलं. दुकानात आलेल्या एका गाडीची नळी जोडली, नळकांडं चहाच्या आधणाएवढ्या गरम पाण्याच्या पातेल्यात उभं केलं, एसी चालू केला. सात मिनिटांत एसीच्या जाळीतून असा गार वारा आला की ज्योत्स्नाच्या हातावर काटा उभा राहिला. तिने थर्मामीटर लावला. नऊ अंश. बाहेर पंचेचाळीस होते.

ज्योत्स्ना बराच वेळ त्या पातेल्याकडे पाहत राहिली. आपल्या मुलीच्या हातून काहीतरी फार मोठं झालं आहे हे तिला कळत होतं आणि छाती भरून येत होती. त्याच वेळी समोरच्या भिंतीवरचा परवाना, पंप, गेज, हे सगळं एका पातेल्यापुढे निरुपयोगी ठरतंय हेही दिसत होतं. ती म्हणाली ती मात्र तिसरीच गोष्ट.

"दाबावरून गॅसचं माप कळत नाही, मित्रा. ऊन वाढलं की दाब आपोआप वाढतो. आम्ही वजनावर भरतो."

"दहा टक्क्यांचा फरक पडेल. चालतं तेवढं."

"आणि आधीचा गॅस कुठे गेला?"

"म्हणजे?"

"पेट्रोल संपायचं. गॅस संपत नाही, पळतो. कुठून पळाला ते पाहिल्याशिवाय मी आजवर एका गाडीत गॅस भरलेला नाही."

संघमित्रा हसली. हे वाक्य तिने लहानपणापासून ऐकलं होतं. "आई, प्रत्येक गाडीतून थोडा थोडा जातोच. वर्षातून एकदा भरावा लागतो. आम्ही मार्चपासून चंद्रपुरातल्या साठ घरांत चाचणीसाठी ही नळकांडी, म्हणजे आमचे शीतकोश, दिलेत. एकाचीही तक्रार नाही. सतरा तारखेपासून सगळ्या विदर्भात विक्री सुरू होणार. आपले पत्तीवार सर तर इतके खूष आहेत, त्यांनी सगळ्यांत जास्त वेळा वापरला."

"किती वेळा?"

संघमित्राने टॅबवर यादी उघडली. प्रत्येक वापराची नोंद आपोआप कंपनीकडे येत असे. "सहा."

"तारखा वाच."

"अठ्ठावीस मार्च. एकोणीस एप्रिल. दोन मे. नऊ मे. अकरा मे." ती थांबली. "आज सकाळी आठ."

बावीस दिवस, तेरा, सात, दोन, एक. ज्योत्स्नाने आकडे तोंडाने म्हटले नाहीत, पण तिचा चेहरा बदलला. पत्तीवार सरांची गाडी फेब्रुवारीत तिच्याकडेच आली होती. बाहेरच्या सगळ्या नळ्या तिने साबणाच्या पाण्याने तपासल्या होत्या. कुठेही बुडबुडा आला नव्हता. मग गळती डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमध्ये असणार, डॅशबोर्ड उघडायला दोन दिवस लागतील, असं तिने सरांना सांगितलं होतं. बघू पुढे, असं म्हणून सर गाडी घेऊन गेले होते.

"गळती आत आहे," ती म्हणाली. "रोज सगळा गॅस गाडीच्या आत जातो आहे. काचा बंद, आणि माणसं आत."

"पण गाडीत सेन्सर—"

"नव्या गाडीत. सरांची गाडी चौदा वर्षं जुनी आहे. वास तरी येतो का तुमच्या गॅसला?"

"नाही. वासाचे रेणू स्फटिकांच्या दारात अडकतात. म्हणून काढून टाकलेत."

ज्योत्स्नाने फोन लावला. उचलला गेला नाही. पुन्हा लावला. मग तिने स्कूटरची किल्ली घेतली. पावणेबारा झाले होते.

सरांच्या घरी, तुकूमपर्यंत जायला बारा मिनिटं लागतात, त्या दिवशी आठ लागली. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. मागे बसलेल्या संघमित्राने हवेतला गॅस मोजायचं यंत्र छातीशी धरलं होतं आणि ती एकसारखी काहीतरी पुटपुटत होती. ते आकडे होते. गाडीच्या आत किती घनमीटर हवा, त्यात किती ग्रॅम प्रोपेन मिसळला की पेट घेईल. शंभर ग्रॅम. गाडीच्या एसीत त्याच्या तिप्पट मावतो.

पत्तीवार सरांच्या पोर्चमध्ये गाडी काचा लावून उभी होती. त्या दिवशी वीज लवकर गेली होती. सरांच्या आई, ब्याऐंशी वर्षांच्या सीताबाई, मागच्या सीटवर गादीला टेकून बसल्या होत्या. एसी अजून लावलेला नव्हता, सर घरातून पाण्याची सुरई आणायला गेले होते. सीताबाईंच्या मांडीवर डास मारायची बॅटरीची रॅकेट होती.

ज्योत्स्नाने ती काचेतून पाहिली. त्या रॅकेटच्या तारांत ठिणगी उडते. डास चिकटला की तड आवाज येतो तो ठिणगीचाच.

गॅस हवेपेक्षा जड. सकाळपासून तो गाडीच्या तळाशी, सीताबाईंच्या पावलांपाशी साचत होता. ओरडलं तर म्हातारी दचकेल. शिवाय तिला ऐकूही कमी यायचं. ज्योत्स्नाने मागे हात करून मुलीला जागीच थांबवलं, समोरून काचेपाशी गेली आणि हसून हात जोडले. सीताबाईंनी ओळखलं. त्याही हसल्या. उजव्या हाताने त्यांनी रॅकेट उचलली. पायाशी एक डास होता आणि तो त्यांना या एसीवाल्या बाईला दाखवायचा होता.

ज्योत्स्नाने दार उघडलं आणि एका हाताने त्यांचं मनगट धरलं.

"आजी, हे मला द्या. बटण दाबू नका. बोट बाजूला घ्या."

"काहून? डास आहे न इथं."

"मी मारते. तुम्ही द्या."

सीताबाईंनी बोट बाजूला घेतलं. ज्योत्स्नाने रॅकेट काढून घेतली, मागे न पाहता मुलीकडे दिली, म्हातारीच्या काखेत हात घातला आणि तिला बाहेर काढलं. पोर्चमधून बाहेर तुळशीपर्यंत नेऊन बसवलं. मग परत येऊन चारही दारं सताड उघडली.

संघमित्राने रॅकेट दूर अंगणात ठेवली, यंत्राची नळी गाडीच्या तळाशी धरली. यंत्र किंचाळू लागलं.

"तीन टक्के," ती म्हणाली. "दोनच्या वर पेटतो."

पत्तीवार सर सुरई घेऊन बाहेर आले तेव्हा त्यांना आधी काही समजलंच नाही. समजलं तेव्हा सुरई खाली ठेवायचंही त्यांना सुचेना. "मी आज सकाळीच भरला होता," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. "आईला गार वाटावं म्हणून भरला होता."

शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी सगळं मोबाइलवर टिपत होतं. दोघींनी पाहिलं, पण त्याचं काही करावं एवढं भान कोणाला नव्हतं.

दुकानात परतल्यावर संघमित्रा आतल्या खोलीत गेली आणि तिने कंपनीच्या प्रमुखांना, डॉक्टर सबनीस बाईंना, फोन लावला. ज्योत्स्नाला बाहेर फक्त तिचंच बोलणं ऐकू येत होतं. "नाही मॅडम, एक केस नाही ही... साठांतली एक म्हणजे साठ हजारांतल्या हजार... हो, मला कळतं सतराला सगळे येणार आहेत... सूचनापत्रक कोणी वाचत नाही मॅडम, माझी आईही वाचत नाही." बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, हात मात्र स्थिर होते.

"विक्री पुढे ढकलायला नाही म्हणाल्या. फक्त इशाऱ्याचं स्टिकर लावू म्हणाल्या."

"मग?"

"मी साठही घरांना मेसेज केला. वापर थांबवा, गाडीत बसू नका, दारं उघडी ठेवा. माझ्या नावानं."

"चालतं असं?"

"नाही चालत. उद्या मला काढतील बहुतेक."

ज्योत्स्नाने माठातलं पाणी तिला दिलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

चार वाजता बंडूभाऊ आसुटकर आले. परवानाधारक दुकानांच्या संघटनेचे ते अध्यक्ष, मोठ्या आवाजाचे, मनाने वाईट नाहीत असे. गच्चीवरचा व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचला होता.

"ताई, देवच पावला म्हणा," ते खुर्ची ओढत म्हणाले. "त्या डबीनं आपली दुकानं बंद पडली असती. उद्या सकाळी सगळ्यांना आणतो, कॅमेरे आणतो. तुम्ही फक्त झालं ते सांगा. पोरगी तुमची आहे, म्हणून तर लोक अधिक विश्वास ठेवतील. आठ दिवसांत बंदी येते की नाही बघा."

आतल्या दारात संघमित्रा उभी होती. आई काय म्हणते ते ऐकायला ती थांबली होती.

"उद्या दहाला या," ज्योत्स्ना म्हणाली. "झालं तेच सांगीन."

बंडूभाऊ गेले. मायलेकींना या विषयावर बोलायचीच भीती वाटत होती.

सरांच्या घरून आणलेला शीतकोश अजून टेबलावर होता. त्यात थोडा गॅस उरला होता, आणि उन्हात गॅस उरलेली कुठलीही वस्तू तशीच ठेवायची ज्योत्स्नाला सवय नव्हती. तिने त्याच्या तोंडाला आपलं दाब दाखवणारं जुनं गेज लावलं, म्हणजे काही गडबड झाली तर दिसेल, आणि तो बर्फाच्या टबात बुडवून ठेवला. मग पाने जागेवर लावायला लागली.

दहा मिनिटांनी सहज पाहिलं तर गेजची सुई शून्यावर येऊन ठेपली होती. ठीक, गॅस गारठला. आणखी पाच मिनिटांनी पाहिलं तर सुई शून्याच्या खाली होती.

ज्योत्स्नाने गेजवर टिचकी मारली. सुई थरथरली आणि आणखी खाली गेली.

"मित्रा, इकडे ये."

"काय?"

"हे ओढून राहिलं आहे."

संघमित्रा टबाजवळ वाकली. "ओढणारच. थंड झालं की रेणू परत भिंतीला चिकटतात. नळीतलाही गॅस ओढून घेतला त्यानं. त्यात काय..."

"माझा व्हॅक्यूम पंप काय करतो?"

संघमित्राने सुईकडे पाहिलं.

"नळ्या रिकाम्या करतो," ज्योत्स्ना म्हणाली. तिचा आवाज चढत चालला होता. "सुई शून्याखाली नेतो. मग मी पंप बंद करते आणि चहा प्यायला जाते. परत आल्यावर सुई तिथेच असली तर गाडी चांगली. सुई वर चढली तर कुठेतरी भोक आहे आणि बाहेरची हवा आत शिरते आहे. वीस मिनिटांची परीक्षा आहे ती. तुझं हे यंत्र पंपही आहे आणि तू त्याला नुसतं गरम पाणी पाजून राहिली."

"हवा," संघमित्रा म्हणाली. ती आता स्वतःशीच भरभर बोलत होती. "हवेचे रेणू या भिंतींना चिकटत नाहीत. एवढ्या थंडीत तर नाहीच. म्हणजे प्रोपेन सगळा आत जाईल, पण गळतीतून आलेली हवा नळीतच राहील. दाब चढेल. आई, दाब चढेलच. आणि आधीचा सगळा गॅस परत डबीत आलेला असेल, म्हणजे मोजून पूर्ण माप भरता येईल. तू सकाळी म्हणालीस ते मापही..."

"आधी करून बघू," ज्योत्स्ना म्हणाली.

त्यांनी ज्योत्स्नाचीच गाडी घेतली. नळी जोडली, शीतकोश बर्फात उभा केला. सुई उतरत उतरत शून्याखाली गेली आणि थांबली. दोघी स्टुलांवर बसून राहिल्या. पाच मिनिटं. दहा. बाहेर कोणीतरी गिऱ्हाईक येऊन हाक मारून गेलं, त्याला कोणी उत्तर दिलं नाही. वीस मिनिटं झाली. सुई जागची हलली नव्हती.

मग ज्योत्स्नाने गाडीच्या एका रबरी पाइपला गोधडी शिवायच्या दाभणाने टोचलं. एवढंसं भोक. पुन्हा बर्फ, पुन्हा सुई खाली. या वेळी ती तळाला टेकली आणि हळूहळू, घड्याळाच्या मिनिटकाट्यासारखी, वर यायला लागली.

संघमित्राने आईचा हात घट्ट धरला. तिला हसू येत होतं आणि रडूही. "दीड वर्षं आम्ही तेरा जण होतो, आई. सगळे तापवण्याचाच विचार करत होतो. गार करून कोणी पाहिलं नाही."

"तुम्हाला गॅस द्यायचा होता," ज्योत्स्ना म्हणाली. "मला आधी तो कुठे गेला ते बघायचं असतं."

दुसऱ्या दिवशी दहाला बंडूभाऊ आठ मेकॅनिक आणि दोन कॅमेरे घेऊन आले. संघमित्राने आपला फोन एका डब्याला टेकवून ठेवला होता. पलीकडे नागपूरहून डॉक्टर सबनीस बाई पाहत होत्या. त्यांनी पाहायचं कबूल केलं होतं, त्याहून जास्त काही नाही.

ज्योत्स्नाने झालं तेच सांगितलं. सीताबाईंच्या हातातली रॅकेट, गाडीच्या तळाशी तीन टक्के, वास नसलेला गॅस. काहीही लपवलं नाही. बंडूभाऊ मान डोलावत होते. मग ती म्हणाली, "आता हे बघा," आणि तिने बर्फाचा टब पुढे ओढला.

टोचलेल्या पाइपवर सुई चढली. बदललेल्या पाइपवर ती स्थिर राहिली. मेकॅनिक जवळ सरकले. त्यांच्यापैकी प्रत्येकाने ही परीक्षा हजारदा केली होती. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

बंडूभाऊंचा चेहरा उतरला. "ताई, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ होऊन राहिल्या तुम्ही. बंदी आली असती. तुम्ही त्यांना तोडच काढून दिली."

"बंदी आली असती," ज्योत्स्ना म्हणाली, "आणि माझी रांग नऊ दिवसांची राहिली असती. गेल्या वर्षी माझ्या यादीतला एक माणूस नववा दिवस उजाडायच्या आधी गेला, भाऊ. नंतर त्याची गाडी मी तपासली, भोक नव्हतं. फक्त गॅस कमी होता. सात मिनिटांचं काम होतं. त्याचं मी काय सांगू कॅमेऱ्यासमोर?"

तिने शीतकोश टबातून उचलला.

"ज्याच्या गाडीत भोक नाही त्यानं घरी भरावा," ती पुढे म्हणाली. "ज्याच्या गाडीत आहे त्याची डबी उघडूच नये. डबीनंच सांगावं, मेकॅनिककडे जा. एवढं मला हवं आहे. वीस मिनिटं सुई थांबल्याशिवाय गरम पाण्यानंही दार उघडता कामा नये."

फोनमधून सबनीस बाईंचा आवाज आला. "रामटेके बाई, तुम्ही सुई म्हणताय. पण घरात लोक सुईकडे बघत बसणार नाहीत."

"मग कुलूपच त्या सुईच्या हाती द्या," ज्योत्स्ना म्हणाली. "माणसाच्या हाती देऊ नका."

सतरा तारखेची विक्री झाली नाही. संघमित्राला नोकरीवरून काढलं नाही, पण पुढचे अकरा महिने तिला दुसरं काही सुचलं नाही. शीतकोशाच्या तोंडाशी दाब ओळखणारी एक झडप बसवायला तेवढा काळ लागला. बारा वेळा ती झडप ज्योत्स्नाच्या दुकानात फसली. बारा वेळा ज्योत्स्नाने ती नागपूरला परत पाठवली, सोबत कागदावर दोन ओळी लिहून. ते कागद संघमित्राने प्रयोगशाळेच्या फळ्यावर चिकटवले. आधी तरुण सहकाऱ्यांना ते गमतीचे वाटले. तिसऱ्या-चौथ्या कागदानंतर ते त्यांची वाट बघू लागले. पत्तीवार सरांच्या गाडीचा डॅशबोर्ड ज्योत्स्नाने स्वतः उघडला आणि फुटलेली कॉइल त्यांच्या हातात दिली. सीताबाईंनी ती हातात घेऊन सगळ्या बाजूंनी निरखली. एवढ्याशा फटीसाठी माझा डास सुटला, असं त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या रविवारी शीतकोश चंद्रपुरात विकायला आले. सोमवारी सकाळी तुकूमच्या त्या गल्लीत दहा घरांसमोर दहा गाड्यांची बॉनेटं उघडी होती. प्रत्येक गाडीशेजारी दोन पातेली होती, एक बर्फाचं, एक अजून रिकामं. बायका, पुरुष, शाळेला सुट्टी असलेली मुलं, सगळे आपापल्या डबीभोवती उभे होते. वीस मिनिटं एवढी लांब असतात हे त्या गल्लीला पहिल्यांदाच कळत होतं.

संघमित्रा आईसोबत गल्लीच्या तोंडाशी उभी होती. एकामागून एक डब्यांवर भोक नसल्याचा हिरवा दिवा लागू लागला. कोणीतरी टाळी वाजवली. आधणं आली, पातेल्यांत ओतली गेली, आणि गाड्यांच्या जाळ्यांतून गार वारा सुटला तसे लोक आपले हात, चेहरे, मुलांचे चेहरे त्यापुढे धरू लागले. अठ्ठावीस वर्षांत ज्योत्स्नाने एवढ्या गाड्या एकाच वेळी गार होताना पाहिल्या नव्हत्या.

संघमित्रा मोजत होती. "आठ. आई, आठ हिरवे लागले. दहांतले आठ."

ज्योत्स्ना दुसरीकडे बघत होती. गल्लीच्या शेवटी दोन डब्यांवर लाल दिवा पेटला होता. तिथली माणसं गरम पाणी ओतून ओतून बघत होती आणि डबी उघडत नव्हती. त्यातला एक म्हातारा आता इकडेतिकडे पाहू लागला होता, कोणाला विचारावं म्हणून.

ज्योत्स्नाने हत्यारांची पिशवी खांद्यावर घेतली.

"आठ तुझ्या," ती म्हणाली. "दोन माझ्या. चल, आधी त्या दोन बघू."